आई आपण निवडतो, बाप माशी आणते



कांदा बियाण्याचे प्लॉट आता गोंड्यावर आलेत. आजची नोंद त्यावरच आहे आणि जरा लांब आहे. माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे, आणि येत्या तीन-चार आठवड्यांत ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून थोडं भांडायचंही आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. तीस गुंठ्यांवर एन-२-४-१ चं बीजोत्पादन घेतलं होतं. कांदे मी आणि मालकिणीने दोन दिवस बसून निवडले. मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, एका रंगाचे. जोडकांदा दिसला की बाजूला. वरचा तिसरा हिस्सा कापून, बुरशीनाशकात बुडवून नोव्हेंबरात लावले. ठिबक होतं, खत माती परीक्षणाप्रमाणे दिलं. फेब्रुवारीत गोंडे असे आले की रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा.

शेजारच्या गावातल्या एका पोराकडून मधमाश्यांच्या चार पेट्या भाड्याने आणल्या होत्या. पोरगा तिशीच्या आतला, शिकलेला, नोकरी मिळाली नाही म्हणून पेट्यांच्या धंद्यात पडलेला. ठेवताना एकच बोलला, "काका, काही फवारायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा. मी पेट्या उचलून नेतो."

मी हो म्हणलं आणि विसरलो.

गोंड्यात फुलकिडे दिसायला लागले. कृषी केंद्रात गेलो. तिथं सांगितलं, फुलकिडे फूल खाऊन टाकतील, हे मारा आणि सोबत सेटिंगसाठी हे टॉनिक मारा. मजूर सकाळी दहाला आले म्हणून फवारणी दहाला झाली. त्या वेळी गोंड्यांवर माश्या होत्या. मला दिसत होत्या. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी पोरगा आला. पेटीपुढची जमीन काळी झाली होती. त्याने झाकण उघडलं, चौकट वर काढली, परत ठेवली. भांडला नाही. एवढंच विचारलं, "काका, फवारलं का?" मी म्हणलं, "थोडंसंच, फुलकिड्यांसाठी." मग त्याने एक गोंडा वाकवला, खिशातून भिंग काढलं आणि म्हणला, "या, तुमचं काय गेलं ते दाखवतो. माझं तर गेलंच."

तीस वर्षं कांदा करतो मी. कांद्याचं फूल त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

फुलात काय दिसलं

फूल चार-पाच मिलिमीटरचं. त्यात सहा पुंकेसर. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे तीन. परागकोश फुटून पिवळा पराग बाहेर येतो, पण त्या वेळी त्याच फुलातला मादीचा भाग तयारच नसतो. कुक्षीवृंत, म्हणजे मधली ती बारीक दांडी, फूल उघडताना जेमतेम एक मिलिमीटरची असते. पुढच्या काही दिवसांत ती पाच मिलिमीटरपर्यंत वाढते. तेव्हा तिचं टोक चिकट होतं आणि पराग घ्यायला लायक होतं. तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग उडून गेलेला किंवा वाळलेला असतो.

थोडक्यात, एकाच फुलात नर आधी येऊन जातो आणि मादी नंतर जागी होते. त्यांची भेट त्या फुलात होत नाही. दुसऱ्या फुलातला ताजा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. कांद्याचा पराग वाऱ्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही, मक्यासारखा तो ढगाने उडत नाही. तो चिकट असतो आणि माशीच्या अंगाला लागून जातो.

फुलाच्या बुडाशी अंडाशय. त्यात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं. म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. आता हिशोब करा. एका गोंड्यात चारशे फुलं धरली तर बीजांडं झाली चोवीसशे. आणि नियम असा की एका बीजांडाला एक परागकण लागतोच. एका परागावर दोन बिया होत नाहीत.

ते चोवीसशे परागकण मी त्या सकाळी औषधाचा पंप घेऊन अडवले होते.

पराग म्हणजे पिवळी धूळ नव्हे

घरी येऊन पोरीचं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. पुस्तकातलं मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

कांद्याच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत १६ गुणसूत्रं असतात, म्हणजे आठ जोड्या. पानात तेवढीच, मुळीत तेवढीच. फुलात मात्र झाड एक वेगळं काम करतं. परागकोशात आणि बीजांडात अर्धसूत्री विभाजन होतं आणि निम्मी, म्हणजे ८ गुणसूत्रं असलेल्या पेशी तयार होतात. प्रत्येक जोडीतलं एक घेतलं, एक सोडलं. आठ जोड्यांतून एकेक निवडायचं म्हटलं तर दोनशे छप्पन्न प्रकार होतात, आणि गुणसूत्रांची आपसात देवाणघेवाण होते ती वेगळीच. म्हणून एकाच गोंड्यातल्या दोन बिया कधी तंतोतंत सारख्या नसतात.

परागकण ही नराची पेशी नाही, तो तिचा वाहक आहे. कांद्याचा पराग बाहेर पडतो तेव्हा त्यात दोन पेशी असतात. एक नळी तयार करणारी. दुसरीपासून पुढे दोन पुंपेशी होतात. पराग चिकट कुक्षीवर पडला, जिवंत असला, तर त्यातून परागनलिका फुटते. ती कुक्षीवृंतातून खाली खाली वाढत बीजांडात शिरते आणि दोन्ही पुंपेशी तिथं सोडते.

आता गंमत बघा. एक पुंपेशी अंडपेशीला मिळते. आठ आणि आठ सोळा. हे झालं युग्मनज, यातूनच रोप होणार. दुसरी पुंपेशी बीजांडातल्या दुसऱ्या दोन केंद्रकांना मिळते. आठ, आठ आणि आठ चोवीस. यातून होतो भ्रूणपोष, म्हणजे त्या रोपाची शिदोरी. याला द्विफलन म्हणतात. किव्हमध्ये काम करणाऱ्या सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या जातकुळीतल्या फुलांत हे पहिल्यांदा दाखवलं.

म्हणजे बी हातात घेतलं की त्यात दोन लग्नं झालेली असतात. एक बाळाचं, एक शिदोरीचं. लग्न न लागता बी भरत नाही. खत कितीही द्या, टॉनिक कितीही मारा, कांद्याचं बीजांड एकट्याने बी होत नाही.

बी धरलं नाही की भरलं नाही?

एप्रिलमध्ये काढणी झाली. चांगला प्लॉट इकडे एकरी तीन-चार क्विंटल देतो. माझ्या तीस गुंठ्यांत एक क्विंटल दहा किलो निघालं. कृषी केंद्रात परत तेच उत्तर मिळालं, "अन्नद्रव्यं कमी पडली. पुढच्या साली टॉनिकचा एक फवारा वाढवा, बोरॉन घ्या."

या वेळी मी खळ्यावर बसलो आणि न मळलेली शंभर बोंडं एकेक करून फोडली. शंभर बोंडं म्हणजे सहाशे जागा. बिया निघाल्या एकशे एकाहत्तर. पण त्या एकशे एकाहत्तर ठणठणीत होत्या. काळ्या, टपोऱ्या, दाताखाली कडक. पोचट फार थोड्या. बाकीच्या जागी कापडाच्या कणीएवढं सुकलेलं काहीतरी होतं.

इथं मला उत्तर मिळालं, आणि माझ्या मते या नोंदीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे.

बोंड फोडल्यावर आत पोचट, हलकी, सुरकुतलेली बी असेल तर भेट झाली होती, पोषण कमी पडलं. पाणी, अन्नद्रव्यं, करपा, उन्हाचा तडाखा, तिथं शोधा. बोंडात बी कमी पण जी आहे ती भरलेली, आणि बाकीची बीजांडं सुरुवातीलाच सुकलेली असतील, तर पहिला संशय परागीभवनावर घ्या. झाड उपाशी नव्हतं. झाडाकडे शिदोरी होती, खाणारं बाळच जन्मलं नाही.

बोरॉनचं म्हणाल तर परागनलिकेच्या वाढीला बोरॉन लागतं हे खरं आहे. जमिनीत कमी असेल तर फुलोऱ्याच्या आधी द्यायलाच हवं. पण परागकण कुक्षीवर पोचलाच नाही तर नळी कशाची वाढणार? आपण वरात निघायच्या आधीच नवरदेवाला अडवायचं आणि मग मांडवात अक्षता वाढवायच्या, असला हा प्रकार.

आणखी एक. बरेच जण म्हणतात, पुढच्या आठवड्यात माश्या परत येतील, भरून निघेल. नाही निघत. गोंड्यातली फुलं एकदम उघडत नाहीत, दोन आठवडे आणि त्याहून जास्त दिवस टप्प्याटप्प्याने उघडतात. प्रत्येक फुलाची कुक्षी काही दिवसच लायक असते. त्या दिवसांत राहिलेलं लग्न नंतर लागत नाही. ऐन भराच्या आठवड्यात माशी गेली तर ऐन भराची फुलं गेली. मागून आलेल्या माशीला मागची फुलंच मिळतात.

पाण्याचंही तसंच. पराग ओला झाला की पाणी ओढून फुगतो आणि फुटतो. म्हणून फुलोऱ्यात तुषार चालवू नका, आणि नुसत्या पाण्यात "निरुपद्रवी" टॉनिक मिसळून भरदिवसा गोंडे धुऊ नका. माशी मेली नाही तरी उघडा पराग जातो.

बाप कोण, हे कोणी विचारतं का?

कांदे निवडताना आपण एवढे चोखंदळ असतो, पण निवडतो ती फक्त आई. बीमधली निम्मी गुणसूत्रं परागातून येतात. तो पराग कोणाच्या वावरातला, ते माशी ठरवते.

प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या जातीच्या फुलावरच्या कांद्यापासून पाचशे मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी हजार मीटर अंतर सांगितलंय, ते याचसाठी. आमच्या शिवारात मात्र बांधाला बांध लागून तिघांचे तीन जातींचे प्लॉट असतात. माझ्या एका मामेभावाने असंच स्वस्त बियाणं घेतलं होतं. उन्हाळ्यात काढलेल्या कांद्यात दोन-तीन रंग आणि तीन-चार आकार निघाले. व्यापाऱ्याने एका नजरेत भाव पाडला. त्याचं खत कमी पडलं नव्हतं, पाणीही कमी पडलं नव्हतं. आदल्या वर्षी कोणाच्या तरी बांधावर चुकीचं लग्न लागलं होतं आणि त्याची किंमत याने भरली.

संकरित बियाण्याच्या प्लॉटवाल्यांनी तर जास्तच ऐकावं. हेन्री जोन्स या शास्त्रज्ञाला १९२५ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला इटालियन रेड जातीत एक झाड सापडलं, जे परागच देत नव्हतं. त्याच्या गोंड्यात बारीक कांदुल्या यायच्या, त्यावर ते झाड टिकवलं. त्याच्या अभ्यासातून कांद्याच्या संकरित बियाण्याची वाट उघडली. हा नरवंध्य गुण अंडपेशीतून, म्हणजे आईच्या पेशीद्रव्यातून पुढे जातो. म्हणून तुमच्या प्लॉटमधल्या मादी ओळींत पराग नसतो. पराग गोळा करणारी माशी त्या ओळींकडे फिरकत नाही, मकरंदासाठी येणारी तेवढी येते. सरळ वाणात माशी कमी असली तरी शेजारच्या गोंड्याला गोंडा घासून थोडंफार काम भागतं. मादी ओळीत तेही नाही. तिथं माशी गेली की सगळं गेलं.

विरोधात जे बोललं जातं

हे मी गावात बोललो तेव्हा तीन प्रश्न आले. तिन्ही रास्त आहेत.

पहिला: "फुलकिडे काय नुसते बघत बसायचे?" नाही. फुलकिडे खरोखर नुकसान करतात, वर दांड्यावर पिवळे डाग पाडणारा विषाणूजन्य रोगही त्यांच्यामुळे पसरतो. पण फुलकिडे गोंड्यात आकाशातून पडत नाहीत. आधी पानांच्या बेचक्यात असतात. दांडे निघताना, गोंडा कागदासारख्या पापुद्र्यात बंद असताना त्यांचा बंदोबस्त करा. निळे चिकट सापळे लावा, तण काढा, शिफारशीची फवारणी त्या टप्प्यावर उरका. गोंडा उघडायला लागला की हात आवरा. अगदीच नाइलाज झाला तर विद्यापीठाच्या किंवा केव्हीकेच्या माणसाला विचारून माश्यांना कमी घातक असं औषध, सूर्य बुडाल्यावर, पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगून. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना अतिशय विषारी आहेत, ही दोन तरी उघड्या गोंड्यावर नकोच.

दुसरा: "हाताने केलं तर?" मीही केलंय. माश्या गेल्यावर आम्ही घरचे चौघे फडकं हाताला गुंडाळून सकाळी गोंड्यांवरून हात फिरवत होतो. काहीच नसल्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन. हाताने पराग बहुतेक त्याच गोंड्यात किंवा शेजारच्या गोंड्यात फिरतो. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला मिळाला की ते स्वपरागीकरणच झालं, आणि कांद्याला ते पिढ्यान् पिढ्या मानवत नाही, जोम उतरतो. माशी दिवसभर, रोज, झाडाझाडावर फिरते. तिची मजुरी आपल्याला परवडणार नाही.

तिसरा: "मी थांबलो, पण शेजारी फवारतो, मग?" याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे, ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षी काय झालं

त्या पोराकडे मी परत गेलो. मेलेल्या वसाहतींचे पैसे दोन हप्त्यांत दिले. तो यायला तयार नव्हता. त्याच्या आईने सांगितलं, "भाऊ, त्याने तीन दिवस नीट खाल्लं नाही." मी ऐकून घेतलं, दुसरं काय करणार. शेवटी तो एका अटीवर आला, की पेट्यांच्या आजूबाजूच्या सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगायचं.

मी नऊ जणांकडे गेलो. सहा जणांनी हो म्हणलं. दोघांनी हसून सोडून दिलं. एक म्हणला, "तुझ्या माश्यांसाठी मी माझा हरभरा अळीला देऊ का?" मी त्याला म्हणलं, फवार, पण संध्याकाळी फवार आणि मला सांग. त्याने दोनदा सांगितलं, एकदा विसरला. विसरला त्या दिवशी एका पेटीला मार बसला.

पेट्या आम्ही पहिलं फूल दिसल्यावर लगेच ठेवल्या नाहीत. साधारण दहा टक्के फुलं उघडल्यावर ठेवल्या. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फार आवडीचा नाही. आधीच ठेवल्या तर ती दुसरीकडे चांगलं फूल शोधते आणि तिकडचीच होते. प्लॉटला खेटून भरपूर फुललेली मोहरी किंवा कोथिंबीर असली तरी हीच अडचण. माशीला बोलवायला चार झाडं ठीक, तिला पळवून न्यायला एकरभर नको. बांधावरच्या लिंबावर आग्या मोहोळ होतं, ते जाळू दिलं नाही. पाण्यासाठी पसरट भांड्यात खडे टाकून ठेवले.

एप्रिलमध्ये परत शंभर बोंडं फोडली. सहाशेपैकी तीनशे ब्याऐंशी बिया. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. वावर वेगळं होतं, उन्हाळा वेगळा होता, एका शेतकऱ्याची एका सालची मोजणी आहे. पण खतात मी काही वाढवलं नव्हतं, आणि टॉनिकची एकही बाटली आणली नव्हती.

माझं म्हणणं

फुलोऱ्यातली फवारणी ही ज्याच्या त्याच्या वावरातली खासगी बाब आहे, असं आपण मानतो. मला ते पटत नाही. माशी माझ्या बांधावर थांबत नाही, परागही थांबत नाही. माझ्या पंपाने शेजाऱ्याची बीजांडं रिकामी राहतात, आणि शेजाऱ्याच्या फुलाने माझं बियाणं मिसळतं. जी गोष्ट चार शिवारांत मिळून घडते ती चार शिवारांनी मिळूनच ठरवली पाहिजे. कांदा लागवडीआधी, ऑक्टोबरातच, एकदा देवळात किंवा ग्रामपंचायतीत बसा. कोण कुठे कोणती जात बियाण्याला लावणार आणि फुलोऱ्यात फवारणीची वेळ काय, एवढं ठरवायला एक तास पुरतो. आमच्याकडे या वर्षी ती बैठक झाली. नऊपैकी आठ जण आले. हरभरेवालाही आला, उशिरा आला पण आला.

बीजोत्पादनाचा करार करणाऱ्यांना एक सांगणं. करारात बियाण्याची उगवण, शुद्धता, ओलावा सगळं लिहिता. फुलोऱ्यात फवारणी बंद आणि एकरी अमुक पेट्या, हेही लिहा, आणि पेट्यांच्या खर्चात वाटा उचला. बी कमी आलं की तोटा शेतकऱ्याचा आणि बी मिसळलं की नाकारलेला लॉटही शेतकऱ्याचाच, हे बरोबर नाही.

आणि कृषी सल्ला देणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. पण प्लॉटवर आलात की गाडीतून पानं बघून चिठ्ठी लिहू नका. खिशात भिंग ठेवा. एक फूल उघडून कुक्षी कोणत्या टप्प्यावर आहे ते शेतकऱ्याला दाखवा. दहा मिनिटं गोंड्यांपुढे उभं राहून माश्या मोजा. मला त्या पोराने पाच मिनिटांत जे दाखवलं, ते तीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं. त्यासाठी त्याच्या चार पेट्या जायला नको होत्या.

शेतीत बाकी सगळं आपल्या हातात आहे असं आपल्याला वाटतं. नांगरणी, खत, पाणी, औषध. बी मात्र ज्या क्षणी तयार होतं, तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. एका बारीक नळीतून एक पेशी खाली उतरते आणि दुसरीला मिळते. तिथं आपलं काम फक्त वाट मोकळी ठेवण्याचं आहे.

उद्या सकाळी दहाला प्लॉटवर जा. पंप घरीच ठेवा. एक गोंडा वाकवा, त्यात मधली दांडी लांब झालेलं फूल शोधा आणि तिथंच पाच मिनिटं थांबा. माशी आली का ते बघा. आली तर तुमचं बियाणं चाललंय. नाही आली तर संध्याकाळी शेजाऱ्याकडे चहाला जा.

तुमच्या शिवारात शंभर बोंडांत किती बिया निघाल्या, ते काढणीनंतर मोजून मला नक्की कळवा. कमी निघाल्या तरी कळवा. माझ्या एकशे एकाहत्तर मी लपवल्या नाहीत.

राम राम.